उदंड जाहले पॅच, तपासणार कोण? (लिनक्सचं बालपण आणि वाढीची दुखणी)

शेंदरी पेंग्विन (धागाकर्ता)

मंडळी, मुक्त स्रोताच्या (ओपन सोर्स) सुरुवातीच्या दिवसांबद्दल मराठीत जे काही वाचायला मिळतं ते दोनच छापांचं असतं. एक म्हणजे ‘फिनलंडच्या पोराने हौसेने काहीतरी केलं आणि जग बदललं’ ही परीकथा, आणि दुसरं ‘सगळं कंपन्यांनी गिळलं’ हे रडगाणं. मधली दहा-बारा वर्षं कुणी सांगत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. म्हणून हा धागा.

सनावळी पटकन उरकतो. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्सने मिनिक्स (शिकवण्यासाठीची युनिक्ससारखी छोटी सिस्टिम) वापरणाऱ्यांना कळवलं की मी ३८६ या इंटेल प्रोसेसरसाठी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, नुसती हौस आहे, फार मोठं काही होणार नाही. वय २१. तेच पुढे लिनक्स. सप्टेंबरात ०.०१ आवृत्ती आली, साधारण १०,००० ओळींच्या कोडची. मार्च १९९४ मध्ये १.० आली तेव्हा ओळी झाल्या होत्या १,७६,२५०. म्हणजे अडीच वर्षांत सतरा पट.

ही वाढ झाली कशी, तर मागणी आणि पुरवठा यांत अंतरच नव्हतं. जर्मनीतल्या एकाच्या मशीनमध्ये २ एमबी मेमरी होती, त्यात कर्नल (सिस्टिमचा गाभा) कंपाइल होईना, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनेना. १९९१ च्या नाताळात लिनसने मेमरीत न मावणारी ‘पानं’ डिस्कवर उतरवायची सोय लिहून टाकली. ती ०.१२ मध्ये सगळ्यांना मिळाली. लोक पैसे पाठवू का विचारायचे, तर हा म्हणायचा पैसे नकोत, तुमच्या गावचं पोस्टकार्ड पाठवा. पुढे जत्रांतून फ्लॉपी कॉपी करून देणाऱ्यांनी तक्रार केली की तुमच्या परवान्यात पैसे घ्यायला बंदी आहे, मग फ्लॉपीचा खर्च कुठून काढायचा? १९९२ मध्ये त्याने परवाना बदलून जीपीएल केला, म्हणजे पैसे घ्या, पण कोड मोकळाच ठेवा. इतकं सरळ. आज असा बदल करायचा तर तीन समित्या बसतील.

आता दुखण्याकडे येतो. पॅच म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मूळ फाइल आणि तुमची बदललेली फाइल ‘डिफ’ला द्यायची. तो फक्त फरक काढून देतो: काढलेल्या ओळीपुढे उणे, घातलेल्या ओळीपुढे अधिक, आणि जागा ओळखू यावी म्हणून आजूबाजूच्या दोन-तीन ओळी. ही चिठ्ठी ईमेलने लिनसकडे जायची. तो ती वाचायचा, पटली तर ‘पॅच’ हा प्रोग्रॅम चालवून आपल्या प्रतीत मिसळायचा आणि पुढच्या आवृत्तीचा टारबॉल (सगळ्या फाइलींचं एक गाठोडं) सर्व्हरवर टाकायचा. व्हर्जन कंट्रोल (बदलांची नोंद ठेवणारं साधन) काही नाही. खरी प्रत कुठली, तर त्याच्या मशीनवरची.

आणि पटली नाही तर? तर काहीच नाही. उत्तर नाही, नकार नाही. पुढची आवृत्ती आली की आपल्या ओळी आहेत का ते बघायचं. नसतील तर दोन शक्यता: एक तर त्याला आवडलं नाही, किंवा त्याच्या इनबॉक्समध्ये कुठेतरी वाहून गेलं. यातलं कुठलं, हे कळायला मार्ग नाही. त्यातून मधल्या काळात दुसऱ्या कुणाचा पॅच त्याच ओळींना लागलेला असेल तर तुमचा आता बसणारच नाही. ‘हंक फेल्ड’ म्हणून एक नाकारलेल्या तुकड्यांची फाइल पुढ्यात येणार. मग सगळं नव्याने जुळवा, परत पाठवा, परत वाट बघा. काही लोक महिनोन्‌महिने हेच करत होते.

लिनसचं यावरचं उत्तर ठरलेलं: महत्त्वाचं असेल तर पुन्हा पाठवाल. उद्धट वाटतं खरं, पण ती त्याची गाळणीच होती. ज्याला आपल्या पॅचची चाड आहे तो परत पाठवतो, आणि जो परत पाठवतो तो पुढे त्याची देखभालही करतो. १९९४ पर्यंत हे चाललं. १९९८ पर्यंत तो कॅलिफोर्नियात ट्रान्समेटामध्ये पूर्णवेळ नोकरीला, घरात दोन लहान मुली, आणि इनबॉक्सला पूर. सप्टेंबर १९९८ मध्ये भडका उडाला. डेव्हिड मिलर वगैरे कर्नल डेव्हलपर मंडळी ‘व्हीगर’ नावाच्या सर्व्हरवर स्वतःचं वेगळं झाड (कोडची वेगळी पूर्ण प्रत) सांभाळत होती, लोक तिथे पॅच देऊन निवांत व्हायचे आणि मग लिनसच्या कर्नलमध्ये तो दिसला नाही की ओरडायचे. लिनस चिडला आणि ‘मी काही दिवस सुट्टीवर’ म्हणून उठून गेला. त्याच गदारोळात लॅरी मॅकव्हॉय या प्रोग्रॅमरने ते प्रसिद्ध निदान केलं: लिनस स्केल होत नाही, म्हणजे काम वाढलं तरी तो एकटा वाढू शकत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. ही भांडणं स्वभावाची म्हणून सांगितली जातात, पण मुळात ती गणिताची होती. कोड लिहिणारे शेकड्यांनी वाढले, वाचून ‘हो’ म्हणणारा एकच राहिला. उत्साह फुकट मिळत होता, तपासणी मात्र महाग होती.

तुमचं काय मत? जुन्या खोडांनी अनुभव लिहावेत ही विनंती.

---

अनाहूत

वाखुसा (वाचनखूण साठवली). सावकाश वाचतो.

---

पेन्शनर पर्वती

पेंग्विनराव, छान विषय काढलात. आमच्यासारख्यांना हे सगळं मागाहून कळलं, कारण १९९६ मध्ये पुण्यात आमच्यापर्यंत लिनक्स पोचलं ते पीसी क्वेस्ट मासिकासोबत आलेल्या सीडीवरून. इंटरनेट म्हणजे व्हीएसएनएलचं शेल अकाउंट, काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. त्यावरून कर्नलचा टारबॉल उतरवायचा म्हणजे फोनचं बिल बघून घरचे बोलायचेच.

उत्साह कसा होता सांगतो. इन्स्टॉल झालं, मशीन परत चालू केलं, पडद्यावर ‘एल’ आणि ‘आय’ ही दोनच अक्षरं आणि ठप्प. लिलो नावाचा बूट लोडर एकेका टप्प्यावर स्वतःच्या नावाचं एकेक अक्षर छापायचा. चारही दिसली की गंगेत घोडं न्हालं. दोनवर थांबला तर समजायचं, दुसरा टप्पा डिस्कवरून उचलला पण चालवता आला नाही, म्हणजे बहुधा डिस्कची मापं बायॉस (मशीनमधला मूळ प्रोग्रॅम) एक सांगतोय आणि लिनक्स दुसरी. हे आम्ही कुठे शिकलो? लिलोसोबतच्या कागदपत्रांत सगळं नीट लिहिलेलं होतं! कुठल्या अक्षरावर अडकलं तर काय बिघडलं याचा तक्ता होता. विंडोज अडकलं की निळा पडदा बघून गप्प बसायचं, इथे निदान रोगाचं नाव कळायचं.

त्यानंतर एक्स विंडोज, म्हणजे लिनक्सचा चित्रमय पडदा. मॉनिटरचे आडवे-उभे सिंकचे आकडे हाताने भरायचे, आणि सोबत इशारा की चुकीचे भरले तर मॉनिटर जळू शकतो. मॉनिटर ऑफिसचा होता, त्यामुळे हिंमत जरा जास्त होती.

---

तिरकस

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण राहवेना.

पेंग्विनभाऊ, गणित वगैरे ठीक आहे, पण गणित कुणी बिघडवलं? सीव्हीएस हे व्हर्जन कंट्रोलचं साधन तेव्हा होतं. बीएसडीवाले (बर्कली विद्यापीठातून निघालेल्या युनिक्सचे लोक) ते वापरत होते. चार विश्वासू माणसांना लिहिण्याचा हक्क दिला असता तर इनबॉक्स तुंबलाच नसता. लिनसला सीव्हीएस आवडत नव्हतं म्हणून शेकडो लोकांनी हाताने पॅच जुळवत बसायचं? याला गाळणी म्हणत नाहीत, हट्ट म्हणतात.

---

उंटावरचा

@तिरकस, बीएसडीचं उदाहरण दिलंत तर ते पूर्ण बघू. कारण हाच रोग तिकडे आधी झाला होता.

विल्यम आणि लिन जोलिट्झ या नवरा-बायकोने १९९२ मध्ये ३८६बीएसडी काढलं. लिनक्सपेक्षा सरस माल, बर्कलीचा वारसा, नेटवर्किंग पहिल्यापासून. जुलैत ०.१ आली आणि लोक तुटून पडले. दुरुस्त्यांचा ढीग लागला, पण त्या मूळ प्रतीत जाईनात, कारण जोलिट्झ दांपत्याला वेळ नव्हता आणि घाईही नव्हती. मग वापरणाऱ्यांनी त्या दुरुस्त्या गोळा करून एक अनधिकृत ‘पॅचकिट’ बांधलं. ते इतकं फुगलं की सांभाळणाऱ्यांच्या हाताबाहेर गेलं. शेवटी १९९३ मध्ये एका गटाने नेटबीएसडी काढलं, दुसऱ्याने फ्रीबीएसडी. आणि तुम्ही म्हणता तशी सीव्हीएस आणि हक्कवाल्यांची कोअर टीम आल्यावर काय झालं? डिसेंबर १९९४ मध्ये थिओ द राट याला नेटबीएसडीच्या कोअरमधून काढलं, आणि १९९५ मध्ये त्याने ओपनबीएसडी थाटलं.

तेव्हा लिहिण्याचा हक्क वाटला की रांग संपते, पण हक्क कुणाला हा नवा तंटा उभा राहतो. भाऊबंदकी टळत नाही, फक्त बांध बदलतो.

(बीएसडीवर त्याच काळात एटीअँडटीच्या उपकंपनीने दावाही लावला होता. लिनक्स पुढे गेलं त्यात त्याचाही वाटा आहे. पण तो वेगळा धागा.)

---

तिरकस

@उंटावरचा, दंडवत. पण एक लक्षात घ्या, फाटे फुटले आणि तिन्ही जगले. आजही आहेत. म्हणजे फुटणं हा रोग होता की उपचार?

---

उंटावरचा

उपचार, कधीकधी. जीसीसी या कंपायलरचं बघा. १९९७ मध्ये मुख्य जीसीसी इतकं सावकाश चाललं होतं की वैतागून काही जणांनी ‘ईजीसीएस’ नावाने वेगळी चूल मांडली. दोन वर्षांत ती इतकी पुढे गेली की एप्रिल १९९९ मध्ये त्यालाच अधिकृत जीसीसी म्हणून मान्यता मिळाली. वेगळी निघालेली सून परत आली ती घराच्या किल्ल्या घेऊनच.

---

सौ. टर्मिनल

चर्चा रंगली आहे, पण सगळे जण वरच्या माणसांबद्दलच बोलताय. जे आत येऊच शकले नाहीत त्यांचं काय?

ऑक्टोबर १९९८ मध्ये, म्हणजे पेंग्विनराव सांगतात त्या भडक्यानंतर दोनच आठवड्यांनी, ॲलन कॉक्स या कर्नल डेव्हलपरने एक लेख लिहिला होता. विषय लिनक्स ८०८६. जुन्या, अगदी पहिल्या पिढीच्या पीसीवर लिनक्सची छोटी आवृत्ती चालवायची, असा तो हौशी उद्योग. कल्पना मजेशीर, त्यामुळे माणसं भराभर जमली. आणि जमलेल्यांपैकी बहुतेकांना मतं होती, कोड नव्हता. काय असावं, कसं असावं, नियम काय, मतदान कधी. कॉक्सने त्याला नगरपालिका म्हटलं आहे आणि ते इतकं चपखल आहे की आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्या कुणालाही पटावं.

पण लेखाचा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा, तो कुणी सांगत नाही. खरं काम करणाऱ्या थोड्या जणांनी या गोंगाटाला कंटाळून सगळ्यांचेच संदेश गाळायला सुरुवात केली. झालं काय, तर बडबड्यांबरोबर ते लोकही गाळले गेले ज्यांना थोडं येत होतं, थोडं शिकवलं असतं तर पुढे बरंच आलं असतं. कॉक्सचा निष्कर्ष असा की चूक त्या जाणत्यांचीही होती. एखाद्याचा पहिला पॅच वाईट असणारच, त्याला दुरुस्त करून परत पाठवण्यात जो वेळ जातो ती गुंतवणूक आहे.

पेंग्विनराव, तुमची ‘पुन्हा पाठवाल’वाली गाळणी याच जागी नापास होते. ती चिकाटी तपासते, गुणवत्ता नाही. ज्याच्याकडे विद्यापीठाची फुकट लाइन आणि रिकामी रात्र आहे तो पाच वेळा पाठवेल. पर्वतीकाकांसारखा शेल अकाउंटवर मिनिटं मोजणारा कसा पाठवणार? आणि ‘उत्तर नाही’ याचा अर्थ नवखा माणूस एकच लावतो, की आपली लायकी नाही. असे किती जण निघून गेले त्याची नोंद कुठे असणार?

---

पेन्शनर पर्वती

टर्मिनलताई, अगदी बरोबर बोललात. आमच्या ऑफिसातल्या एका मुलाने एका छोट्या ड्रायव्हरची दुरुस्ती करून पाठवली होती. उत्तर आलंच नाही. त्याने नाद सोडला, पुढे बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये चांगलं नाव काढलं. पण पुण्यातल्या लिनक्स युजर ग्रुपमध्ये मात्र असं नव्हतं हो. तिथे सीपीयू रिक्षातून घेऊन गेलं तरी कुणीतरी शेजारी बसून इन्स्टॉल करून द्यायचं. विनमोडेम (फक्त विंडोजवर चालणारा) निघाला तर सगळे मिळून हळहळायचे आणि बाहेरचा सिरियल मोडेम कुठे स्वस्त मिळेल ते सांगायचे.

---

शेंदरी पेंग्विन (धागाकर्ता)

टर्मिनलताई, मुद्दा मान्य, पण अर्धाच. नवख्याला शिकवायचं कुणी? कॉक्स स्वतः शिकवायचा, म्हणूनच तो दुसरा स्तंभ झाला. स्वान्सीमध्ये बसून हा माणूस आधी नेटवर्किंगची मोडकी गाडी रुळावर आणत होता आणि नंतर ‘एसी’ नावाचे स्वतःचे कर्नल काढत होता. लिनसने सोडलेलं बरंचसं तिथे आधी जमा व्हायचं, वापरून बघितलं जायचं, मग चाळून वर जायचं. हे कुठल्या ठरावाने झालं नाही. रांग तुंबली आणि कुणीतरी बाजूला दुसरी खिडकी उघडली.

तरी २००१ साल बघा. कर्नलची २.४ ही ‘स्थिर’ मालिका. तिच्यात २.४.१० ला मेमरी व्यवस्थापनाचा सगळा गाभाच बदलला, रिक व्हॅन रीलचा काढून आंद्रेआ आर्कांजेलीचा घातला. स्थिर मालिकेत! कॉक्सने आपल्या झाडात काही काळ जुनाच ठेवला. २.४.११ इतकी बिघडलेली निघाली की तिच्या नावालाच ‘वापरू नका’ असं शेपूट लावावं लागलं. नोव्हेंबरात अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सुमारास २.४.१५ आली, तिने डिस्क अनमाउंट करताना (सिस्टिमपासून सोडवताना) फाइल सिस्टिमच खराब करायला सुरुवात केली. लगोलग २.४.१६ काढावी लागली. आणि त्यानंतर ही मालिका सांभाळायला दिली कुणाकडे? ब्राझीलच्या मार्सेलो तोसात्तीकडे. वय १८.

अठरा वर्षांच्या मुलावर अर्ध्या जगाचे सर्व्हर सोपवले, यात मला तर उत्साह आणि दुखणं दोन्ही एकाच वेळी दिसतं.

---

कोकणी कमांडर

सगळे कर्नलभोवतीच फिरताय. डेबियनचं (स्वयंसेवकांनी बांधलेला, वापरायला तयार लिनक्स संच) सांगतो, कारण तिथे लिनस नव्हता, म्हणजे तुमच्या थिअरीची परीक्षा तिथेच होते.

इयन मर्डॉकने ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू केलं. स्वतःचं आणि मैत्रीण डेब्राचं नाव जोडून डेबियन. डिसेंबर १९९५ मध्ये १.० येणार म्हणून सगळे वाट बघत होते. तेवढ्यात सीडी विकणाऱ्या इन्फोमॅजिक कंपनीने सर्व्हरवरची अर्धवट अवस्थेतली फाइलींची थप्पी उचलली आणि ‘डेबियन १.०’ म्हणून सीडीवर छापून विकायला काढली. ती धड बूटही होत नव्हती. आता काय करायचं? खरी १.० काढली तर लोक ती आणि ही यांत गोंधळणार. म्हणून डेबियनने तो आकडाच सोडून दिला. पहिली पूर्ण आवृत्ती आली जून १९९६ मध्ये, १.१. डेबियन १.० अस्तित्वातच नाही. लोकांना घाई किती होती बघा, शिजायच्या आधीच ताट वाढून मोकळे.

त्यापुढचं जास्त बोचरं. १९९७ च्या ‘बो’ आवृत्तीत ९७४ पॅकेजेस (तयार प्रोग्रॅम) आणि २०० डेव्हलपर होते. वर्षभरात ‘हॅम’मध्ये दीड हजार पॅकेजेस आणि चारशेवर डेव्हलपर. कोण कोणाला ओळखतंय? डेबियनच्या डेव्हलपरने टाकलेलं पॅकेज हजारो मशीनांवर रूटच्या (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) हक्काने बसतं. मग १९९९ च्या ऑक्टोबरात त्यांनी दारच लावून घेतलं. नवीन माणूस घेणे बंद. उत्साही माणसं दारात उभी, आणि आतले म्हणतात थांबा, तुम्हाला कसं पारखायचं ते आधी ठरवू दे. २००० च्या वसंतात दार उघडलं ते रीतसर प्रक्रियेसह. ओळख पटवा, डिजिटल चावीवर आधीच्या कुणाची तरी सही आणा, परवाने आणि तत्त्वं यांवरच्या प्रश्नांची उत्तरं द्या, मग काम दाखवा.

लोकांनी शिव्या घातल्या, नोकरशाही म्हणाले. मला विचाराल तर त्या काळातला सगळ्यात शहाणा निर्णय. एका माणसाच्या इनबॉक्सपेक्षा लिहिलेली पद्धत बरी. निदान ‘नाही’ कुणी म्हटलं आणि का म्हटलं, ते तरी कळतं.

---

तिरकस

आणि पद्धत लिहून झाल्यावर पुढची आवृत्ती यायला किती वेळ लागला? ‘वूडी’ जुलै २००२, ‘सार्ज’ जून २००५. तीन वर्षं! तोपर्यंत आमचं हार्डवेअर म्हातारं झालं.

---

कोकणी कमांडर

@तिरकस, साडेआठ हजारांवरून पंधरा हजारांवर पॅकेजेस गेली त्या तीन वर्षांत, तीही अकरा प्रकारच्या प्रोसेसरांवर चालवायची. तुम्ही एक करून दाखवा, मी वाट बघतो. 😀

---

बे एरिया बंड्या

उशिरा आलो. दोन गोष्टी इकडच्या.

एक, नेटस्केप हा ब्राउझर. जानेवारी १९९८ मध्ये जाहीर केलं, ३१ मार्चला कोड मोकळा केला. अमेरिकेच्या निर्यात कायद्यामुळे कूटलेखनाचा (माहिती गुप्त करण्याचा) सगळा भाग कापून काढावा लागला होता. काही तासांत ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी तो भाग स्वतः लिहून परत जोडला. उत्साह म्हणजे असा! पण त्यानंतर? कोड इतका अवाढव्य आणि गुंतागुंतीचा की बाहेरच्या माणसाला हात घालायला जागाच सापडेना. बदल करणारे बहुतेक नेटस्केपचे पगारीच राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात जुना गाभा टाकून नव्याने लिहायचं ठरलं. १ एप्रिल १९९९ ला नेटस्केपच्याच जेमी झविन्स्कीने राजीनामा दिला. त्याचं म्हणणं साधारण असं, की मुक्त स्रोत ही काही जादूची भुकटी नव्हे, मरणपंथाला लागलेल्या प्रकल्पावर शिंपडली की तो उठून बसेल. या मोकळ्या कोडमधून मोझिला १.० यायला जून २००२ उजाडलं.

पेंग्विनभाऊ, हे तुमच्या गणिताच्या बरोबर उलट आहे. तिथे तपासणारे पगारी होते आणि लिहिणारे येईनात.

दोन, पैसा. ११ ऑगस्ट १९९९ ला लिनक्स विकणाऱ्या रेड हॅट कंपनीचा शेअर १४ डॉलरला निघाला आणि पहिल्याच दिवशी ५२ वर बंद झाला. कंपनीने फुकट कोड लिहिणाऱ्या हजारो डेव्हलपरना बाजारात येण्याआधीच्या भावाने शेअर घेण्याची संधी देऊ केली होती, हेतू चांगलाच होता. पण ब्रोकरच्या अर्जात गुंतवणुकीचा अनुभव विचारला होता. ज्या पोरांनी कंपायलर लिहिला त्यांना अर्जाने ‘अननुभवी’ म्हणून नापास केलं. मग जो काही आरडाओरडा झाला! त्या डिसेंबरात व्हीए लिनक्स या कंपनीचा शेअर एका दिवसात ६९८ टक्के चढला आणि पुढच्या वर्षात सगळा फुगा बसला.

---

तिरकस

म्हणजे पोस्टकार्ड ते शेअर, आठ वर्षांत. आणि पॅचचं उत्तर अजून आलेलं नाही.

---

नवखी

नमस्कार, मी बीईच्या शेवटच्या वर्षाला आहे. वाचून मजा आली. एक बावळट प्रश्न: आम्ही बटण दाबून पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या अशी विनंती) पाठवतो, ती कुठे आहे ते दिसतं. हे कधीपासून? आणि कुणीतरी बिटकीपरचं नाव सांगितलं होतं, ते म्हणे मुक्त नव्हतं. मग कर्नलवाल्यांनी ते चालवून कसं घेतलं?

---

सौ. टर्मिनल

@नवखी, प्रश्न बावळट मुळीच नाही, मुळावर बोट ठेवलंस.

लिनस स्केल होत नाही म्हणणारा तोच लॅरी मॅकव्हॉय. सप्टेंबर १९९८ संपता संपता त्याने ‘वाढीच्या दुखण्यांवर उपाय’ म्हणून एक प्रस्ताव मांडला, त्यातून बिटकीपर हे व्हर्जन कंट्रोलचं साधन झालं. प्रत्येकाकडे पूर्ण प्रत, प्रत्येकाचं स्वतःचं झाड, आणि झाडांमधून बदल ओढून घ्यायचे. लिनसने तरी लगेच घेतलं नाही. जानेवारी २००२ मध्ये रॉब लँडली या डेव्हलपरने, पॅच हरवतात, त्यांच्यासाठी एक वेगळा ‘पॅच पेंग्विन’ नेमा, अशी मागणी केली. पुन्हा तोच गदारोळ. फेब्रुवारीत लिनसने बिटकीपर धरलं.

चालवून कुणी घेतलं म्हणतेस? कुरकूर तीन वर्षं चालूच होती. कर्नलवाल्यांना ते फुकट होतं, पण अट अशी की वापरणाऱ्याने स्पर्धक साधनावर काम करायचं नाही. सांबा या मुक्त प्रकल्पाच्या अँड्र्यू ट्रिजेलने ते वापरलंच नाही, बाहेरून त्याचा संवाद उलगडायला घेतला. मॅकव्हॉयने फुकट परवाना काढून घेतला. एप्रिल २००५ मध्ये कॅनबेराच्या परिषदेत ट्रिजेलने ‘उलगडलं’ म्हणजे नेमकं काय केलं ते दाखवलं. टेलनेटने (दुसऱ्या मशीनशी साध्या मजकुरात बोलणारा प्रोग्रॅम) बिटकीपरच्या सर्व्हरला जोडलं आणि ‘हेल्प’ टाइप केलं. सर्व्हरने आज्ञांची यादी दिली. एवढंच! त्यावरून केवढं रामायण.

लिनसने ३ एप्रिलला गिट हे स्वतःचं साधन लिहायला घेतलं, ७ तारखेला गिटचा कोड गिटमध्येच ठेवला, आणि जूनमध्ये कर्नल २.६.१२ गिटवरून बाहेर पडला. जुलैत गिटची सूत्रं जुनिओ हमानोकडे दिली. १९९८ पासून ज्या इनबॉक्सवरून भांडणं चालली होती, त्यासाठी हवं ते साधन बनायला आठवडा लागला. तुझी पुल रिक्वेस्ट त्याच ‘ओढून घेण्या’ची नात.

---

तिरकस

तेव्हा मी पहिल्या प्रतिसादात काय म्हणालो होतो? साधन हवं होतं. हट्ट नव्हे, साधन. 😎

---

कोकणी कमांडर

पण पेंग्विनराव, साधन आलं म्हणून रांग संपली का? ते सांगा, मग मी गप्प बसतो.

---

शेंदरी पेंग्विन (धागाकर्ता)

नाही संपली, हलली. आता नेटवर्किंगचा पॅच नेटवर्किंगच्या मेंटेनरकडे (तो भाग सांभाळणाऱ्याकडे) जातो, फाइल सिस्टिमचा त्या-त्या फाइल सिस्टिमवाल्याकडे. ते चाळून आपल्या झाडात घेतात, आणि नवी आवृत्ती बाहेर पडली की पुढचे दोन आठवडे लिनस त्यांच्याकडून ओढून घेतो. पॅच हरवला की नाकारला हे आता बऱ्यापैकी कळतं, त्यामुळे तिरकसरावांना साधनाचे गुण देऊन टाकतो. पण वाचणारा माणूस लागतोच, आणि तुमच्या ड्रायव्हरचा मेंटेनर नोकरी बदलून गेला असेल तर अजूनही ‘पुन्हा पाठवा’ हेच उत्तर. बंड्याने नेटस्केपचं जे सांगितलं ते माझ्या गणितात बसत नाही हेही खरं. तिथे माणसं होती, पण कोडला बाहेरच्यांसाठी दारच नव्हतं. त्यावर वेगळा धागा काढायचा विचार आहे. बंड्या, तुम्हीच काढा, तुमच्याकडे मसाला जास्त आहे.

---

बे एरिया बंड्या

वीकेंडला बसतो. केडीई विरुद्ध नोम या दोन डेस्कटॉपांची क्यूटीच्या (केडीईचा पाया) परवान्यावरून जुंपली होती तेही त्यात घेऊ का, की ते तिसरं?

---

उंटावरचा

तिसरं. ते एका धाग्यात मावणार नाही, आणि मला त्यात भांडायचं आहे.